नव्या लॅपटॉपसोबत "विंडोजची ओरिजिनल सीडी" सुटी विकायचे, तसला माल घेऊ नका

लॅपटॉप घेताना दुकानदार म्हणाला की "विंडोजची ओरिजिनल सीडी हवी असेल तर बाराशे वेगळे पडतील", तर सरळ दुसरं दुकान गाठा. २०११ मध्ये भाचीच्या इंजिनिअरिंगसाठी पुण्यात लॅपटॉप घेतला तेव्हा आम्हाला असाच चुना लागला. लॅपटॉपचं बिल पक्कं आणि सीडीचे बाराशे साध्या चिठ्ठीवर, वर "त्याच्यावर व्हॅट कशाला भरताय साहेब" हा सल्ला फुकट!

मुळात त्या लॅपटॉपच्या किमतीत विंडोजचे पैसे आलेलेच होते. खालच्या बाजूला विंडोज ७ होम बेसिकचं स्टिकर होतं, २५ अक्षरांची की (विंडोज चालू करायचा लायसन्स कोड) पण त्यावर छापलेली. पण बहुतेक कंपन्या बॉक्समध्ये डिस्क देतच नव्हत्या, हार्डडिस्कवरच एक रिकव्हरी पार्टिशन (विंडोज परत टाकण्यासाठी राखलेला वेगळा भाग) लपवलेलं असायचं आणि त्यावरून आपण स्वतः डीव्हीडी बनवून ठेवायच्या, काही कंपन्यांचा प्रोग्राम तर एकदाच बनवू द्यायचा. हे काउंटरवर कोणी सांगत नव्हतं, कारण सांगितलं तर बाराशे कुठून मिळणार.

वर्ष व्हायच्या आत हार्डडिस्क टकटक वाजायला लागली आणि गेली. वॉरंटीत नवी मिळाली, पण कोरी. म्हणजे विंडोज गेलं आणि ते लपवलेलं पार्टिशनही गेलं. म्हटलं चला, बाराशेची सीडी आता कामी येईल. टाकली तर स्क्रीनवर भलत्याच कंपनीचा लोगो, आणि मेसेज की ही डिस्क या मशीनवर चालणार नाही! ती विंडोजची डिस्क नव्हतीच, दुसऱ्या कंपनीच्या डेस्कटॉपची रिकव्हरी डिस्क होती. अशी डिस्क सुरू होतानाच बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये) कंपनी कोणती ते बघते, जुळली नाही तर पुढे सरकत नाही. नीट बघितलं तर डिस्कवर बारीक इंग्रजीत छापलेलं होतं की फक्त नवीन पीसीसोबत देण्यासाठी. म्हणजे कुणाच्या तरी बॉक्समधून काढून आम्हाला विकलेली.

दुकानात गेलो तर पठ्ठ्या शांतपणे म्हणतो, "सीडीत काही प्रॉब्लेम नाही, तुमचं मशीनच सपोर्ट करत नाही, ठेवून जा, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, पाचशे द्या." भाचीची सबमिशन तोंडावर आलेली, दिले. लॅपटॉप परत मिळाला तो छान चालू, फक्त "अपडेट कधीच करायचे नाहीत, स्लो होतं" असं दोनदा बजावलं. कॉलेजात कुणीतरी अपडेट चालू केले आणि थोड्याच दिवसांत वॉलपेपर काळा, खाली उजव्या कोपऱ्यात "बिल्ड ७६०१, धिस कॉपी ऑफ विंडोज इज नॉट जेन्युइन". कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडली तर तिथे विंडोज ७ अल्टिमेट, म्हणजे वेगळीच आवृत्ती! स्टिकर होम बेसिकचं आणि आत अल्टिमेट, तेही क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सची तपासणी चुकवून चोरून चालवलेलं. एवढं एकच जुळवून बघितलं तरी चोरी पकडता येते, स्टिकरवर काय आणि प्रॉपर्टीजमध्ये काय.

परत गेलो तर चिठ्ठी उलटीपालटी करून म्हणे यावर आमच्या दुकानाचं नाव कुठाय. संपलं.

शेवटी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला, लॅपटॉपचा सिरियल नंबर दिला, आणि थोडे पैसे भरून त्या मॉडेलच्या खऱ्या रिकव्हरी डीव्हीडी कुरियरने आल्या. त्या बाराशेपेक्षा स्वस्तात, हे वेगळं सांगायला नको. त्या टाकल्या की मशीन कारखान्यातून निघालं तसं होतं, ट्रायल अँटीव्हायरस आणि फालतू गेम्ससकट. पण इथे जपा, साध्या विंडोज डिस्कमध्ये कुठल्या पार्टिशनवर टाकायचं ते निवडता येतं, नुसतं रिपेअरही करता येतं, रिकव्हरी डिस्कचं तसं नाही, काही तर सगळी हार्डडिस्क पुसून पार्टिशन नव्याने पाडतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी सी ड्राइव्हच जाईल या समजुतीत रिकव्हरी मारली आणि डी वरचे मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले.

विंडोज ८ पासून की बहुतेक ब्रँडेड मशीनच्या मदरबोर्डमध्येच असते आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज फुकट उतरवता येतं, त्यामुळे सीडीचा धंदा बसला. पण त्याचा भाऊ जिवंत आहे, फ्रीडॉसवाला (म्हणजे विंडोजशिवाय येणारा) स्वस्त लॅपटॉप घ्या आणि "विंडोज आम्ही टाकून देतो, लाइफटाइम". बिलावर विंडोज असं लिहून द्या म्हणा, मग बघा कसा विषय बदलतो.