पाकिटातले जेवण: ओले न्यावे की सुके?

मुक्कामी ट्रेकसाठी पाकिटातले जेवण निवडताना बहुतेक जण आधी चवीचा विचार करतात. माझ्या मते पहिला प्रश्न मुक्कामाच्या जागी पाणी किती मिळेल, हा असावा.

रिटॉर्ट पाकिटात राजमा किंवा पुलाव पूर्ण शिजवून, हवाबंद करून, दाबाखाली सुमारे 121 अंश सेल्सिअसला निर्जंतुक केलेला असतो. त्यामुळे तो फ्रिजशिवाय महिनोन्‌महिने टिकतो आणि गॅस संपलाच तर गारही खाता येतो. गरम करायचा असल्यास न फोडलेले पाकीट उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवावे. थेट ज्योतीवर कधीही धरू नये. अडचण वजनाची आहे. एक पाकीट साधारण 300 ग्रॅमचे, म्हणजे एका माणसाच्या सहा जेवणांचे पावणेदोन किलोच्या वर जाते.

सुक्या उपम्याचे किंवा पोह्यांचे पाकीट 80 ग्रॅमच्या आसपास असते, पण त्याला साधारण दुप्पट पाणी लागते. एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीतल्या अनेक गडांवरची टाकी आटतात, तेव्हा हे पाणी खालूनच वाहून न्यावे लागते आणि वजनातला फायदा जवळजवळ संपतो. अशा वेळी मी रिटॉर्टच निवडेन. हिमालयात मात्र वाटेवर झरे-ओढे असतात, चाल अनेक दिवसांची असते, आणि तिथे सुक्या जेवणाला तोड नाही.

सुक्यातही फरक आहे. फ्रीझ-ड्राय पदार्थातले पाणी गोठवून, निर्वात जागेत थेट वाफेच्या रूपाने काढलेले असते; म्हणून दाण्याचा आकार टिकतो, आत सूक्ष्म छिद्रे राहतात आणि उकळते पाणी ओतल्यावर तो दहा मिनिटांत फुलतो. गरम हवेत वाळवलेला घास आक्रसतो आणि त्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो. घरी खिचडी वाळवायची असेल, तर डाळ पूर्ण मऊ शिजवून ती पातळ थरात पसरावी आणि फोडणीत तेल अगदी नावापुरते घालावे, कारण तेल खवट होते; तूप वेगळ्या डबीत न्यावे व खाताना वरून सोडावे. अख्खे हरभरे मात्र टाळावेत. मी एकदा ते वाळवून नेले होते. भात मऊ झाला, पण हरभरे अर्ध्या तासानंतरही दाताखाली खड्यासारखे लागत होते.

उंचीचाही हिशेब धरावा. दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. 1646 मीटरच्या कळसूबाईवर हे जाणवत नाही, पण 4000 मीटरवर पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळते. तिथे पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दीडपट थांबावे, पाणी ओतल्यावर तळापर्यंत चमचा फिरवून कोपऱ्यातली कोरडी पूड मोकळी करावी, तोंड घट्ट मिटावे आणि पाकीट लोकरी टोपीत गुंडाळून ठेवावे. घरगुती मिश्रण साध्या झिपच्या पिशवीत न भिजवता झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भिजवावे, कारण प्रत्येक पिशवी उकळत्या पाण्यासाठी बनवलेली नसते. एकदा भिजवलेले अन्न सकाळसाठी राखू नये. ते ताज्या अन्नासारखेच नासते.