टाचेच्या भेगांसाठी जात्यादि तेल
आईच्या टाचा थंडीत इतक्या फुटतात की चादरीला रक्त लागतं. यंदा काष्ठौषधीच्या दुकानातून जात्यादि तेल आणलं. चमेलीची पानं, कडुनिंब, हळद, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, सगळं तिळाच्या तेलात सिद्ध केलेलं. रात्री कोमट पाण्यात पाय बुडवायचे, कोरडे पुसायचे, कापसाच्या बोळ्याने तेल भेगेत सोडायचं, वर सुती मोजे. आधी ठणका थांबला, मग कडा मऊ पडून आत गुलाबी कातडी धरली. हळदीतल्या कर्क्युमिनने दाह उतरतो म्हणतात, ते पटलं. वास उग्र आहे, मोज्यांवरचे डाग जात नाहीत. घटकांत मोरचूदही (कॉपर सल्फेट, पोटात गेल्यास विषारी) असतो, तेव्हा हे पोटात घ्यायचं नाही, बाटली पोरांपासून लांब ठेवा. आणि मधुमेह असलेल्यांच्या पायाला जखम झाली तर तेल लावत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.