युकीचा पवित्रा

'द प्रिन्सेस ब्लेड' हा जपानी सिनेमा मी पहिल्यांदा लावला तो हाँगकाँगच्या मारधाडपटांतल्या डॉनी येनच्या नावापायी. मारामाऱ्या त्याने बसवल्यात, एवढंच ठाऊक होतं. आता तीनदा बघून झालाय, आणि तिन्ही वेळा जीव अडकला तो एका ओस पेट्रोल पंपावर.

सिनेमा २००१ चा, दिग्दर्शक शिन्सुके सातो. जपानी नाव 'शुरायुकीहिमे'. हिमगौरीला जपानीत 'शिरायुकीहिमे' म्हणतात, त्याचंच पहिलं अक्षर फिरवून हे नाव केलंय. आणि त्यातला 'शुरा' म्हणजे आपला 'असुर', बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेला. हे कळलं तेव्हा मी सिनेमा थांबवून नुसती त्या नावाकडे बघत बसले होते. काझुओ कोइके यांनी लिहिलेल्या आणि काझुओ कामिमुरा यांनी चितारलेल्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, तो बेतलाय. त्याच मांगावरचा १९७३ चा, मेइको काजी या नटीचा सिनेमा मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या जपानात घडतो. सातो यांनी गोष्ट उचलून भविष्यात नेली.

पाचशे वर्षं दारं लावून बसलेला देश. राजेशाही कोसळलीय आणि राजाचे जुने अंगरक्षक, ताकेमिकाझुची, आता बंडखोरांना टिपायची कामं घेतात. त्यांच्यातली युकी विशीच्या उंबरठ्यावर आहे. आपल्या आईला टोळीच्या म्होरक्यानेच, ब्याकुराईने, मारलं हे तिला कळतं आणि ती तलवार त्यांच्यावरच उलटवते.

आठ वर्षं मी आखाड्यात लाठी आणि दांडपट्टा शिकतेय, त्यामुळे पडद्यावर कुणी शस्त्र फिरवलं की माझी नजर आधी पायांवर जाते. पट्ट्यात मनगट जखडलेलं असतं. फिरवायचं ते कमरेतून, पाय टाकूनच. युकीची तलवार दोन्ही हातांची, तिथे खांदे बांधले जातात, म्हणजे पाऊल आणखी मोलाचं. युकी झालेली युमिको शाकु ही काही लढवय्यी नाही, मासिकांतल्या फोटोंमुळे नावारूपाला आलेली मुलगी. तरी तिची मान अंगाच्या आधी वळते, पाऊल टेकल्यावरच वार सुटतो. हे येनने तिच्याकडून घोटून घेतलंय. जुन्या जपानी तलवारपटांत बराच वेळ दोघं निश्चल उभे राहतात आणि मग एकच घाव. इथे हाँगकाँगची चाल आहे, वारावर वार, दम घ्यायला जागा नाही. तारांना लटकवून मारलेल्या उड्या मात्र मला खटकतात. पाय जमिनीवरून सुटला की वारातलं वजनच जातं.

आणि मग तो पंप. जखमी युकी ताकाशीकडे पोचते. तो बंडखोरांमधला, बहीण आयाबरोबर तिथे राहतो, आणि आया बोलत नाही. इथे सिनेमा एकदम संथ होतो. पुष्कळांना हा भाग रटाळ वाटेल, मला तोच खरा वाटला. आजवर शरीर फक्त मारण्यासाठी वापरलेली मुलगी दुसऱ्याच्या घरात नुसतं बसायला शिकतेय. जेवणाशी बसताना, दारात उभं राहताना तिचे खांदे आधी ताठ असतात, मग हळूहळू उतरतात. आमच्याकडे नवीन मुलगी आखाड्यात आली की पहिले कित्येक दिवस असेच खांदे वर धरून असते. ते खाली येईपर्यंत बाई हातात काही देत नाहीत. शाकुने हे बोलून नाही, अंगाने दाखवलंय. पुढच्या लढाईत जीव येतो तो यामुळेच, कारण आता तिच्याकडे गमावण्यासारखं काही आहे.

संगीत केनजी कावाई यांचं. कानाला हेडफोन लावून ऐका.

तक्रारी आहेत. भविष्यकाळ म्हणावा तर जेमतेम दिसतो. बराचसा सिनेमा झाडीत आणि डोंगरात घडतो. बंडखोरांचं राजकारण घाईत उरकलंय, ते कशासाठी लढतात हे नीट कळतच नाही. सगळ्यात जास्त बोचला तो शेवट. दीड तास त्या मुलीबरोबर चालल्यावर सिनेमा मध्येच हात सोडून देतो, पुढचा भाग येणार असल्यासारखा. तो आलाच नाही.

तरी बघा. इंग्रजी सबटायटल्स पुरतात, संवाद थोडेच आहेत. रक्त भरपूर आहे, लहान मुलांसमोर लावू नका. आणि आया पडद्यावर असेल तेव्हा युकीच्या हातांकडे लक्ष ठेवा: तलवार नसली की ते कुठे ठेवायचे हेच तिला सुचत नाही.