लिब्रेऑफिस रायटर: मजकूर शेकडो पानांचा झाल्यावर

वीस-पंचवीस पानांचा मजकूर कोणत्याही वर्ड प्रोसेसरमध्ये निभावून जातो. खरी परीक्षा सुरू होते ती चौथ्या प्रकरणातील दुरुस्ती अकराव्या प्रकरणातील संदर्भाला भोवू लागली की. लिब्रेऑफिस रायटर या मोफत सॉफ्टवेअरचे हे परीक्षण त्या कसोटीपुरतेच आहे.

त्यातील सर्वांत मोलाची सोय म्हणजे नेव्हिगेटर. एफ५ दाबल्यावर उघडणाऱ्या या चौकटीत शीर्षके, तक्ते आणि चित्रे यांच्या याद्या दिसतात, आणि एखादे शीर्षक ओढून दुसरीकडे नेले की त्याखालील सगळा मजकूर उपशीर्षकांसह त्याच्यामागून जातो, त्यामुळे कापून चिकटवताना अर्धे प्रकरण मागे राहण्याची धास्ती उरत नाही. अट एवढीच की शीर्षकांना ‘हेडिंग’ स्टाइल (म्हणजे शीर्षकासाठी नाव देऊन ठरवून ठेवलेले रूप) दिलेली हवी. अक्षरे नुसती ठळक आणि मोठी केलेली असतील (बहुतेकांच्या फाइलींत तसेच असते), तर नेव्हिगेटरच्या लेखी ते शीर्षकच नव्हे. अनुक्रमणिकाही याच स्टाइलवरून तयार होते. मात्र नंतर मजकूर बदलला तर ती स्वतःहून बदलत नाही, तिला अपडेट करावे लागते.

प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये ठेवून त्या साऱ्यांची मोट एका ओडीएम फाइलमध्ये बांधणाऱ्या मास्टर डॉक्युमेंटबद्दल मात्र माझे मत तितके अनुकूल नाही. पृष्ठक्रमांक आणि अनुक्रमणिका सलग मिळतात, हे खरे. पण जोडलेला मजकूर तेथे फक्त वाचता येतो, दुरुस्तीसाठी त्या प्रकरणाची मूळ फाइलच उघडावी लागते. एकाच नावाची स्टाइल दोन्हीकडे असली तर मास्टरमधील स्टाइलच लागू होते, त्यामुळे सर्व फाइली एकाच टेम्प्लेटवरून, म्हणजे ठरावीक स्टाइलींच्या साच्यावरून, केलेल्या नसतील तर प्रकरणाचे रूप अनपेक्षितपणे पालटते. दुसऱ्या प्रकरणाकडे निर्देश करणारा संदर्भ मास्टरमध्ये बरोबर दिसतो, पण सुट्या प्रकरणात त्याच जागी संदर्भ सापडत नसल्याची सूचना झळकते. नवख्या माणसाला फाइल बिघडली असेच वाटावे.

म्हणून लेखक एकच असेल, तर चारपाचशे पानेही एकाच फाइलमध्ये ठेवून नेव्हिगेटरवर भिस्त ठेवणे मला अधिक सोयीचे वाटते. निरनिराळी प्रकरणे निरनिराळ्या व्यक्ती लिहीत असतील, तरच मास्टर डॉक्युमेंटचा खटाटोप करावा, आणि तोही टेम्प्लेट सर्वांना आधी वाटून झाल्यावर.