‘मेंदूतला दाह’ मोजून देणारं घरपोच रक्ततपासणी पॅकेज : एका निवृत्त लॅब टेक्निशियनचा अनुभव

मी ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. त्यामुळे घरी रक्त घ्यायला येणाऱ्याकडे मी सासूच्या नजरेनं बघते, हे आधीच सांगून टाकते. रक्तावरून मेंदूतला दाह आणि मूड मोजून देतो, असं म्हणणारं हे पॅकेज. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशी पॅकेजं आता बरेच जण विकतात.

पॅकेज मागवलं मुलीनं. मला फ्लू झाला होता. ताप चौथ्या दिवशी उतरला, खोकला मात्र रेंगाळला, आणि त्यानंतर मी घुम्यासारखी बसून राहायला लागले. फोन वाजला तरी उचलावासा वाटेना. रोजचं शब्दकोडं पुढ्यात घ्यायचे आणि पेन हातात धरून नुसते चौकोन बघत बसायचे. मुलगी म्हणाली, “आई, तुला डिप्रेशन आलंय का?” म्हटलं, “आलं असेल तर तापाच्या मागून आलंय, जाईल त्याच वाटेनं.” तिनं ऑर्डर टाकलीसुद्धा.

रक्त घ्यायला आलेला मुलगा हाताचा हलका निघाला. एकाच टोचणीत शीर सापडली, दंडाचा पट्टा वेळेत सोडला, जांभळ्या टोपणाची नळी न हिंदकळवता हळूच सात-आठ वेळा उलटीपालटी केली, आणि लेबलं माझ्यासमोर लावली. मी त्याला पैकीच्या पैकी देते. पण वेळ दिली होती साडेसात ते आठ, आणि तो आला दहा पन्नासला. त्याच्या पिशवीतला बर्फाचा पॅक तोवर पाणी झाला होता. त्याचा दोष नाही, सकाळपासून मी त्याची सहावी होते.

उशीर झाला तर काय बिघडलं, असं कुणाला वाटेल. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सकाळी उठल्याच्या सुमारास सगळ्यात वर असतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला टेकतं. माझं रक्त अकराच्या ठोक्याला निघालं आणि रिपोर्टमध्ये त्याला सकाळी आठची मोजपट्टी लावली. अनुमान : ‘ताणाला प्रतिसाद मंद’. इंटरल्यूकिन-६ चं, म्हणजे दाहाची वर्दी देणाऱ्या रसायनाचं, तर त्याहून नाजूक. रक्त यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न करता उबेत पडून राहिलं, तर नळीतल्या पेशी स्वतःच ते सोडू शकतात. मग आकडा माझ्या शरीराचा की पिशवीतल्या प्रवासाचा, ते कोण सांगणार?

आता रिपोर्ट. १८ पानं, गुळगुळीत, आणि पहिल्याच पानावर लालभडक रंगवलेला मेंदू. त्याखाली ‘मेंदूतील दाह : तीव्र’. आधार कशाचा? सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, लिटरला ११.६ मिलिग्रॅम.

मी चष्मा पुसून परत वाचलं. सीआरपी बनतं यकृतात. शरीरात कुठंही दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ यकृताला निरोप धाडतं आणि यकृत हे प्रथिन रक्तात ओतायला लागतं. १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. नावातला ‘सी’ त्या जंतूंच्या एका घटकाचा आहे. हा आकडा फक्त सांगतो की गावात कुठंतरी आग लागलीय. दाढ, छाती की गुडघा, ते सांगत नाही, मग मेंदू कुठून सांगणार? एकपेक्षा कमी, एक ते तीन, तीनच्या वर, ही जी विभागणी रिपोर्टात छापली होती ती हृदयविकाराच्या जोखमीसाठी वापरतात. आणि दहाच्या वर आकडा गेला की आधी ताजा संसर्ग शोधायचा आणि दोनेक आठवड्यांनी परत तपासायचं, हे आम्ही शिकाऊ पोरांनाही शिकवायचो. यांच्या अर्जात २६ प्रश्न होते. झोप कशी लागते, चिडचिड होते का, आयुष्यात समाधानी आहात का. गेल्या पंधरवड्यात ताप आला होता का, एवढंच कुणी विचारलं नव्हतं.

माझी चिडचिड एवढ्यासाठी की मूळ कल्पना थोतांड नाही. आजारी जनावर कोपऱ्यात जाऊन निजतं, खात नाही, कळपात मिसळत नाही. बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकानं १९८८ मध्ये मांडलं की ही नुसती दुर्बलता नसते, संसर्गाशी लढायला शरीरानं आखलेली वागणूक असते. ती घडवून आणतात सायटोकाइन, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे निरोप्ये. हे आकारानं मोठे, मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत त्यांना सहजी आत घेत नाही. पण निरोप पोचायला वाटा आहेत. पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस तो वर नेते. काही ठिकाणी ती भिंतच विरळ आहे. आणि भिंतीतल्या पेशी निरोप ऐकून आतल्या बाजूला प्रोस्टाग्लँडिन सोडतात; ताप चढतो तो त्यामुळेच. माझ्या शब्दकोड्याचे रिकामे चौकोन हेही त्याच टपालातून आलेले असणार.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय. हिपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं द्यायचे, महिनोन् महिने. रक्तपेशींचे काउंट तपासायला ते रुग्ण आमच्याकडे नियमित यायचे. त्यातला एकजण पहिल्या दिवशी म्हणाला, “बाई, सुई टोचायच्या आधी सांगा, मला ओरडायची तयारी करावी लागते.” दरवेळी एक नवा विनोद ठरलेला. दीडेक महिन्यानं तो आला, खुर्चीत बसला, बाही वर केली आणि हात पुढे केला. मान वर नाही, शब्द नाही. मी “टोचते हं” म्हटलं तर “हं”, इतकंच. घरात, कामात काही घडलेलं नव्हतं, त्याच्या बायकोनं सांगितलं. हे औषध मूळचा सायटोकाइनच, आणि ते घेणाऱ्या पुष्कळांना नैराश्य यायचं. इंटरफेरॉनसारखे निरोप्ये एक एन्झाइम जागं करतात. ज्यापासून सेरोटोनिन बनतं त्या ट्रिप्टोफॅनला ते सेरोटोनिनच्या वाटेवरून ओढून कायन्युरेनिनच्या वाटेला लावतं, आणि त्या वाटेवरची काही रसायनं मेंदूतल्या ग्लुटामेट या निरोप्या रसायनाच्या कामात ढवळाढवळ करतात. सगळं कोडं एवढ्यानं सुटत नाही, पण एक आडवी ओळ तरी भरते.

इतकी रसाळ गोष्ट हाताशी असताना रिपोर्टच्या सातव्या पानावर काय, तर ‘सेरोटोनिन कमी, आनंदाचं रसायन घटलं आहे’, शेजारी उदास चेहरा. अहो, शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं. रक्तातलं जवळजवळ सगळं प्लेटलेट्समध्ये भरलेलं असतं. ते मेंदूत शिरत नाही. मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो. ही तपासणी आम्ही करायचो ती विशिष्ट प्रकारच्या गाठींचा संशय असला की. गंमत म्हणजे, नैराश्यावर सर्रास देतात त्या गोळ्या प्लेटलेट्सनाही सेरोटोनिन आत घेऊ देत नाहीत. म्हणजे गोळ्यांनी बरं वाटायला लागलेल्या माणसाचा हा आकडा आणखी खाली जाणार आणि यांचा चेहरा आणखी रडका होणार. लघवीतल्या डोपामिनचंही तसंच, ते बहुतांशी मूत्रपिंडातच तयार होतं. ‘प्रेरणा : निम्न’ हे अनुमान माझ्या मूत्रपिंडांच्या प्रेरणेबद्दल असेल तर माझी हरकत नाही.

शेवटच्या पानावर ‘संशोधनावर आधारित’ आणि लगेच खाली दाह कमी करणाऱ्या कॅप्सूलची जाहिरात. संशोधन आहे, नाही कसं. २०१३ मध्ये न हटणारं नैराश्य असलेल्या ६० जणांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाहविरोधी औषधाची चाचणी छापून आली. सगळ्यांचं मिळून पाहिलं तर औषध आणि नुसतं सलाइन यांत फरक नव्हता. सीआरपी पाचच्या वर असलेल्यांकडे पाहिलं तर औषधाचं पारडं जड होतं, कमी असलेल्यांत उलट. म्हणजे कुणाला काय द्यायचं हे निवडायला हा आकडा पुढेमागे कामी येईलही. त्यावरून कॅप्सूल खपवणं हा निराळा धंदा झाला.

पॅकेजमध्ये डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल होता, तो मात्र वाया घालवू नका. माझ्या वाट्याला तरुण डॉक्टरीण आल्या. त्यांचा पहिलाच प्रश्न, “ताप कधी येऊन गेला?” त्यांनी कॅप्सूलचं नावही काढलं नाही. खोकला गेल्यावर तीन आठवड्यांनी फक्त सीआरपी करा, मन तेव्हाही उठत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि त्यासाठी कुठल्याही आकड्याची वाट बघू नका, म्हणाल्या.

एकूण पाचपैकी दोन. एक त्या मुलाच्या हाताचा, एक डॉक्टरीणबाईंचा.

तीन आठवड्यांनी मी माझ्या जुन्या लॅबमध्ये जाऊन तेवढं एकच करून आले. सीआरपी ०.८. कोडं त्याच्या आधीच सुटायला लागलं होतं. बाहेरचा आकडा यांच्या ॲपमध्ये भरता येत नाही, त्यामुळे तिथं माझा मेंदू अजून लाल आहे आणि दर सोमवारी सकाळी मला त्याची आठवण पाठवतो.