खुर्चीत बसवून माप घेणाऱ्या काकू

"मॅडम, तुम्ही दिवसभर बसून काम करायलात, अन् माप मात्र उभ्यानं देऊन जायलात. मंग कुर्ता कसा जमल? बसा बरं या खुर्चीवर."

नांदेडला वजिराबादच्या मागच्या बाजूला एका खोलीत लेडीज टेलरिंग करणाऱ्या काकूंचं हे पहिलं वाक्य. नाव-नंबर टाकू नको, दोनच मशिनी आहेत, गर्दी झेपायची नाही, असं त्यांनी सांगितलंय, म्हणून टाकत नाही. त्यांचं काम कसं आहे ते मात्र सविस्तर लिहिते, कारण त्यांच्याकडे गेले दीड वर्ष मी ऑफिसचे कपडे शिवून घेतेय आणि तुमचा टेलर दुसरा असला तरी यातल्या बऱ्याच गोष्टी त्याला सांगता येतील.

माझी नोकरी सरकारी, लोह्याला. तरोडा नाक्याहून स्कूटीवर बसस्टँड, तिथून एसटी, मग टेबल, मधूनच फायलींच्या रॅकवर चढउतार, आठवड्यातून एखाद-दोन गावांना भेटी. असा दिवस काढायचा तर कपडा नीटनेटका दिसला पाहिजे आणि अंगावर त्रासही झाला नाही पाहिजे. आधी मी रेडिमेडच घ्यायची. एका दुकानातून घेतलेला रेयॉनचा कुर्ता चार महिन्यांत गुडघ्यापासून पोटरीपर्यंत लोंबला. दुसरा पॉलिएस्टरचा होता, दिसायला फार सुरेख, पण मे महिन्यात नांदेडच्या उन्हात तो घालून एसटीत बसणं म्हणजे अंगाला प्लास्टिक गुंडाळणं. तिसरा तर वरच्या रॅकवरची फाईल काढताना बगलेत टर्रकन उसवला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी ओढणी खांद्यावरून खाली येऊ दिली नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण समोर माणसं उभी होती आणि त्यांचं काम मलाच करायचं होतं.

तर माप. काकू आधी उभ्यानं घेतात, मग खुर्चीत बसवून कंबर आणि सीट (म्हणजे नितंबांचा घेर) पुन्हा घेतात. माझ्या मापात दोन इंचांचा फरक आला. त्या बसलेल्या घेरावर कुर्ता बेततात, म्हणून साइड कट खाली घेता येतो. नाहीतर होतं काय, सीटवर कापड कमी पडतं, मग टेलर कट वर चढवतो आणि खुर्चीत बसलं की कमरेपाशी पँट दिसायला लागते. सारखं कुर्ता ओढत बसावं लागतं. काकूंच्या कुर्त्यात मी सकाळी बसते ती जेवायलाच उठते, हात कुर्त्याकडे जात नाही.

नंतर त्या म्हणाल्या, "एसटीचा दांडा धरल्यावानी हात वर करा." आणि मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईचं, माप घेतलं. मला वाटायचं मुंढा सैल ठेवला की हात मोकळा. आहे नेमकं उलटं. मुंढा खाली उतरलेला असला की हात उचलताना बाहीबरोबर अख्खा कुर्ता वर येतो आणि ताण शिलाईवर पडतो. मुंढा बगलेच्या जवळ, नेटका घेतला आणि बाही वरच्या बाजूला थोडी रुंद ठेवली, की हात उचलला तरी कुर्ता जागचा हलत नाही. जाड कापड असेल तर त्या बगलेत छोटा चौकोनी तुकडा जोडतात, आपल्या जुन्या सदऱ्यांना असायचा तसा. रॅक तोच आहे, फायली त्याच आहेत, दीड वर्षात एकही शिवण उसवली नाही.

आणि खिसा! बायकांच्या कपड्यांना खिसा मागितला की बहुतेक टेलर शोभेचा देतात, दोन बोटं जातील एवढा. काकूंनी माझा मोबाईल मागून घेतला, कागदावर ठेवला, पेन्सिलीनं त्याच्याभोवती रेघ मारली, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडली आणि तो कागद कापून माझ्या मापाच्या वहीत टाचून ठेवला. खिसा शिलाईत लपतो, पण त्याची वरची कड आतून कमरेच्या शिवणीपर्यंत पट्टीनं बांधून घेतात, त्यामुळे मोबाईलच्या वजनानं कुर्ता एका बाजूला ओघळत नाही. दुसऱ्या बाजूला किल्ल्या आणि सुटे पैसे. तिकीट काढताना आता पर्स उघडावी लागत नाही. (१७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गाडीला गर्दीही वाढलीय. एका हातानं दांडा आणि दुसऱ्यानं पर्स सांभाळणं किती जिवावर येतं, हे रोज जाणाऱ्या बाईला विचारा.)

पँटबद्दल थोडक्यात. पुढून सपाट पट्टी, मागे इलॅस्टिक, खाली घोट्याच्या वर दोन बोटं. गावातल्या शौचालयात ओल्या फरशीवर पाय ठेवायचा असतो, तेव्हा ही दोन बोटं फार मोलाची.

कापड आपणच न्यायचं. मी खादी नेते. शासनाच्या डिसेंबर २०२० च्या पोशाखाच्या सूचनांमध्ये महिलांसाठी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, पँटवर कुर्ता किंवा शर्ट असं सगळं सांगितलंय, ओढणी 'आवश्यक असल्यास', आणि शुक्रवारी खादी वापरावी असंही आहे. मी सुरुवात शुक्रवारपासून केली आणि आता आठवड्यातले तीन दिवस खादीच असते. आपल्या नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचा राष्ट्रध्वज देशभर जातो, त्याचं कापड उदगीरला विणलं जातं. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनाला मी निळ्या खादीचा कुर्ता घालून उभी होते, तेव्हा हे मनात आलं आणि ऊर भरून आला.

खादी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. ३६ इंची पन्ह्याला लांब बाहीच्या कुर्त्याला तीन मीटर तरी लागतं, ४४-४५ इंचीत अडीचमध्ये भागतं. दोन, कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून न्यायचं. मी पहिल्यांदा कोरंच नेलं होतं. काकूंनी हातात घेऊन चुरगाळलं, नाकाला लावलं, खळीचा वास आला तसं पिशवीत परत घालून दिलं. "धुतल्यावर आखडल, मंग मला नाव ठेवसाल." चिडले होते मी, तरोड्याहून पुन्हा हेलपाटा पडला. पण तेच कापड भिजवून मोजलं तर तीन मीटरमागे जवळजवळ चार बोटं कमी भरलं.

खादी सोडून सोमवारच्या मीटिंगला मंगलगिरी कॉटन मला आवडतं. अंगात नक्षी नाही, फक्त काठाला जर. काकू तो काठ बाहीच्या टोकाला आणि खिशाच्या तोंडाला लावतात, गळा साधा ठेवतात. भारदस्त दिसतं.

शिलाई: साधा कुर्ता ४५०, अस्तर लावून ६५०, पँट ३५०, खिशाचे वेगळे पैसे नाहीत. आत दोन्ही बाजूंना इंचभर कापड दाबून ठेवतात, पुढे अंग भरलं तर उसवून वाढवता येतं. माझ्या मैत्रिणीचे बाळंतपणानंतर चार कुर्ते असेच वाढवून दिले, फक्त ५० रुपये नगावर.

उणं काय, तेही सांगते. वेळ. आठ दिवस म्हणाल्या तर बारा धरा, आणि दिवाळीच्या आधीचा महिना तर जाऊच नका. माझ्या भाचीच्या साखरपुड्याचा ड्रेस आदल्या रात्री साडेनऊला मिळाला, तोही काज-बटणाशिवाय. ब्लेझर त्या शिवत नाहीत. फॅशनचं पुस्तक नाही, मोबाईलवरचा फोटो दाखवला तर शांतपणे बघतात आणि त्यातलं कुठलं आपल्या अंगाला शोभणार नाही ते सांगतात. ते ऐकायची तयारी हवी. गाडी लावायला जागा नाही, चौकात लावून चालत यावं लागतं.

तरी मी माझ्या आईलाही तिथंच घेऊन गेले. आई अंगणवाडी सेविका, गुडघे दुखतात. काकूंनी तिला खुर्चीत न बसवता खाली सतरंजीवर बसवलं आणि तिथं माप घेतलं. "त्यांचं काम खालीच हाय ना, लेकरांसंगं," म्हणाल्या.