बालदमा होता, आता वैमानिक व्हायचे आहे: हवाई दल की नागरी परवाना?

चौथीपर्यंत पंप घ्यावा लागत असे, सातवीनंतर एकदाही छातीत घरघर झाली नाही, आता दहावी झाली आहे आणि वैमानिक व्हायचे आहे, अशा मुलापुढे किंवा मुलीपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे एनडीएतून, हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील हवाई दल अकादमीकडे जाते. दुसरी बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणच्या उड्डाण प्रशिक्षण संस्थेतून व्यावसायिक परवान्याकडे जाते. विमान दोन्हीकडे आहे, पण बालदम्याविषयी दोन्हीकडे विचारला जाणारा प्रश्न मुळातच वेगळा आहे. निर्णय घेण्याआधी हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

हवाई दल पूर्वेतिहास विचारते. त्याच्या प्रसिद्ध वैद्यकीय निकषांत दमा, छातीतील घरघर किंवा ॲलर्जीची सर्दी यांचे वारंवार झटके येऊन गेल्याचा इतिहास हे नाकारण्याचे कारण म्हणून नोंदवलेले आहे. या वाक्यातले दोन तपशील घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतात. पहिला तपशील असा की तेथे वयाची मर्यादा नाही. अमुक वर्षांआधीचा दमा धरला जाणार नाही, अशी सवलत त्यात लिहिलेली नाही. दुसरा असा की ॲलर्जीची सर्दीही त्याच ओळीत येते, त्यामुळे "दमा नव्हता हो, नुसती ॲलर्जी होती" या खुलाशाने घरच्यांना वाटते तेवढी सुटका होत नाही. मात्र 'वारंवार' हा शब्दही तेथे आहे आणि तो महत्त्वाचा आहे. दीड वर्षाचे असताना एकदा श्वासनलिकादाह होऊन नेब्युलायझर लावावा लागलेले मूल आणि सहा वर्षे दर हिवाळ्यात पंप घेणारे मूल यांना एकाच मापाने मोजता येत नाही. 'जमिनीवरच्या शाखेत तरी घेतील' ही आशाही फारशी भक्कम नाही, कारण श्वसनसंस्थेचे हे निकष सर्वसाधारण वैद्यकीय मानकांचा भाग आहेत, ते केवळ वैमानिकांसाठी लिहिलेले नाहीत.

नागरी बाजूचा प्रश्न वर्तमानाविषयी आणि उद्याच्या धोक्याविषयी असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्या परिशिष्टात, ज्याच्या आधारे भारतातील नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, आपले वैद्यकीय नियम बेतते, असे म्हटले आहे की ज्या दम्याची लक्षणे लक्षणीय आहेत, किंवा नेहमीच्या अथवा आणीबाणीच्या कामकाजात जो वैमानिकाला अक्षम करण्याची शक्यता आहे, अशा दम्याच्या उमेदवाराला अपात्र ठरवावे. औषधांबद्दलही सरसकट बंदी नाही, कारण सुरक्षित उड्डाणाशी सुसंगत असलेली औषधे चालू शकतात. साहजिकच दहा वर्षांपूर्वी संपलेला, आज कोणतेही औषध न लागणारा आणि तपासणीत न दिसणारा बालदमा येथे सहसा भिंत होऊन उभा राहत नाही.

हवाई दल एवढे कठोर का, याचे उत्तर लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये सापडते. सुखोई-३० एमकेआयसारख्या विमानात तीव्र वळणावर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या नऊपटीपर्यंत भार येऊ शकतो. तो सोसण्यासाठी वैमानिकाला पाय आणि पोटाचे स्नायू आवळून, श्वास कोंडून, दर तीनेक सेकंदांनी झटकन श्वास बदलावा लागतो. त्याच वेळी फुगलेला जी-सूट, म्हणजे हवेने फुगून पाय आणि पोट आवळणारा पोशाख, पोट दाबून श्वासपटल वर ढकलतो आणि मुखवट्यातून कोरडा, प्राणवायूने समृद्ध वायू येत असतो. या परिस्थितीत फुप्फुसांच्या तळातील वायुकोश काही काळ मिटतात, त्यामुळे निरोगी वैमानिकालाही उतरल्यावर खोकला आणि छातीत जडपणा जाणवू शकतो. ज्याच्या श्वासनलिका मुळातच चिडखोर आहेत, त्याच्या बाबतीत थंड कोरडी हवा, ताण आणि श्रम ही तिन्ही निमित्ते एकाच क्षणी एकत्र येतात, आणि एकआसनी विमानात सुकाणू सोपवायला शेजारी कोणी नसते. शिवाय प्रशिक्षणार्थी पुढे लढाऊ विमानावर जाईल, मालवाहूवर की हेलिकॉप्टरवर, हे प्रवेशाच्या वेळी ठरलेले नसते. म्हणून गाळणी सर्वांसाठी एकच लावली जाते. प्रवासी विमानात केबिनमधील दाब साधारणतः ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका किंवा त्याहून अधिक राखला जातो आणि शेजारी दुसरा वैमानिक असतो. तेथली हवाही कोरडीच असते, पण झटका आलाच तर त्याची परिणती वेगळी होते.

अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांच्या पालकांसाठी एक उपकथा. तेथील संरक्षण खात्याच्या भरतीच्या निकषांत तेराव्या वाढदिवसाची रेषा आखलेली आहे. त्यानंतर दमा, व्यायामामुळे होणारे श्वासनलिकांचे आकुंचन किंवा त्यासाठी घेतलेली औषधे यांची नोंद असेल तर अपात्रता येते. त्याआधीच संपलेला दमा या कलमात बसत नाही. तेराव्या वर्षानंतरचा इतिहास असणाऱ्यांना सूट मागण्याची सोय आहे. पण २०२२ पासून तेथे भरतीच्या वेळी उमेदवारांच्या इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंदी पाहिल्या जातात, म्हणून चौदाव्या वर्षी फुटबॉलच्या सरावासाठी 'असू द्या' म्हणून लिहून घेतलेला पंपही पुढे आडवा येऊ शकतो. अधिकारी होण्यासाठी तेथे अमेरिकी नागरिकत्व लागते, हेही आधी पाहावे.

भारतात अशी नोंद बहुतेक वेळा एकत्र सापडत नाही, आणि गोंधळाची सुरुवात इथेच होते. लहान मुलांच्या छातीतील प्रत्येक घरघर म्हणजे दमा नव्हे. ॲरिझोनातील टूसान शहरात मुलांच्या जन्मापासून चाललेल्या एका अभ्यासात सहा वर्षांपर्यंत जवळपास निम्म्या मुलांना कधी ना कधी घरघर झाल्याचे आढळले होते, आणि पहिल्या तीन वर्षांत घरघर झालेल्यांपैकी बहुतेकांची ती सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली होती. मग घरात जे 'बालदमा' म्हणून सांगितले गेले ते खरोखर काय होते, हे जुन्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्डे आणि शक्य असल्यास त्याच बालरोगतज्ज्ञांकडून पडताळून घेणे हे पहिले काम. निदान चुकीचे असेल तर ते डॉक्टरांकडून लेखी दुरुस्त करून घ्यावे. निदान बरोबर असेल तर मात्र ते लपवू नये. वैद्यकीय तपासणीच्या अर्जात उमेदवार स्वतःच्या सहीने आजारांची माहिती देतो, आणि दडवलेली गोष्ट प्रशिक्षणात उघड झाली तर प्रश्न आजारापुरता राहत नाही. याहून वाईट म्हणजे फाइल स्वच्छ राहावी म्हणून मुलाचा चालू पंप परस्पर बंद करणारे पालक. हे कृपा करून करू नका.

दोन्ही वाटांचे पारडे एका ठिकाणी उलटते, आणि तुलना करताना नेमके तेच सुटते. हवाई दल दारात कठोर आहे, पण एकदा आत घेतलेल्या अधिकाऱ्याला पुढे आजार झाला तर त्याची वैद्यकीय श्रेणी खाली आणून, उड्डाण थांबवूनही त्याला सेवेत दुसरे काम देता येते. नागरी वाट दारात मवाळ आहे, पण तेथील वैमानिकाला पहिल्या श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र चाळिशीपर्यंत दर वर्षी आणि त्यानंतर आणखी लवकर नव्याने मिळवावे लागते. बालपणीचा दमा तरुणपणी शांत राहून तिशीत परत येऊ शकतो. तसे होऊन प्रमाणपत्र गेले, तर परवाना गमावण्याचा विमा काढलेला असेल तेवढाच आधार उरतो. प्रशिक्षणाचा खर्च, जो आज पन्नास लाखांच्या आसपास किंवा वर जातो, तो तर आधीच झालेला असतो आणि अनेकदा कर्जावर.

वेळेचा हिशेबही दोन्हीकडे वेगळा आहे. एनडीएत ९०० गुणांची लेखी परीक्षा, मग एसएसबी या सैन्यदलांच्या निवड मंडळाचे पाच दिवस आणि तेवढ्याच गुणांची मुलाखत, वैमानिक अभियोग्यता चाचणी, आणि या सगळ्यानंतर वैद्यकीय तपासणी असा क्रम असतो. निकाल विरोधात गेला तर अपील मंडळाकडे जाता येते, पण खराखुरा इतिहास अपिलाने पुसला जात नाही. नागरी वाटेवर मात्र दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी सोळाव्या वर्षीच, विद्यार्थी वैमानिक परवान्यासाठी करून घेता येते, म्हणजे पैसे भरण्याआधी निदान प्राथमिक उत्तर हाती येते.

म्हणून वारंवार दमा झाल्याचा पक्का इतिहास असलेल्याने अकरावी-बारावीत एनडीएची तयारी करून घेणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी दोन वर्षे केवळ वैमानिक होण्याच्या आशेवर घालवू नयेत, असे माझे मत आहे. एनडीएचा अर्ज जरूर भरावा, पण घराचे नियोजन त्यावर बेतू नये. एखाददुसऱ्या घटनेचाच इतिहास असणाऱ्याने सैनिकी वाट स्वतःहून सोडण्याचे कारण नाही.

दोघांनीही आधी छातीविकारतज्ज्ञांकडून स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वासाचा वेग आणि प्रमाण मोजणारी चाचणी, करून घ्यावी. ती सामान्य आली म्हणजे दमा नाही असे सिद्ध होत नाही, कारण दोन झटक्यांच्या मधल्या काळात ती सामान्यच येऊ शकते. श्वासनलिकांना मुद्दाम डिवचणारे औषध हुंगायला देऊन केलेल्या मेथाकोलीन चाचणीत त्या आकुंचन पावल्या नाहीत, तर मात्र सध्या दमा असण्याची शक्यता फारच कमी उरते. आणि मुलाला पूर्वी पावसाळ्यातल्या बुरशीने किंवा दिवाळीच्या धुराने त्रास होत असेल, तर या चाचण्या उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकून न घेता त्याच मोसमात करून घ्याव्यात.